कड्याखालचा उंचवटा

उंचवटा दिसला तेव्हा त्याच्या हातात अर्धं बिस्किट होतं. ते चहात कधी पडलं हे त्याला कळलंही नाही. जलाशय खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून, तो वर्षानुवर्षं हेच काम करत आला होता. तलावावर सरळ ओळीत नाव फिरवायची. नावेच्या पोटाशी बांधलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तळावर आपटून परत आलेला आवाज मोजतं, आणि त्याची एक लांबच लांब रेघ होते. ती रेघ ऑफिसात आणून पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकवायची आणि जिथं तिला फोड आले असतील तिथं ते पुसून टाकायचे. खात्यात याला तळ पुसणं म्हणत. लोक तलावात काय टाकत नाहीत? टायर टाकतात, खुर्च्या टाकतात, संसार मोडला की पलंग टाकतात. खात्याला त्या संसाराशी काही देणंघेणं नव्हतं. पाणी किती मावतं आणि गाळ किती साचलाय एवढं खात्याला हवं असे, आणि पाण्यात पडलेलं सामान म्हणजे काही तळ नव्हे. म्हणून तो पुसायचा, आणि नव्याने लागलेल्यांना पुसायला शिकवायचा. त्यांना तो दरवर्षी त्याच गोष्टी त्याच शब्दांत सांगे. गवताचा शेंडा म्हणजे तळ समजू नका. माशांचा थवा म्हणजे तळ समजू नका. आणि रेघ काढणारी पट्टी वेळेच्या हिशेबानं सरकते, अंतराच्या नाही. नाव थांबली की आधी पट्टी थांबवा, नाहीतर उभ्या नावेखाली तळ लांबत जातो आणि मग आम्ही इथं डोकं धरून बसतो. हे सांगताना तो खरोखरच डोकं धरून दाखवायचा आणि नवे लोक हसायचे. पाठीमागं सगळे त्याला तळसाहेब म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं.

हा उंचवटा मात्र त्याच्याच्यानं पुसवेना. तो कड्याखालच्या ओळीत होता. तलावाच्या त्या अंगाला जुना रस्ता पाण्याला अगदी खेटून जातो, रस्त्याखालची दगडी भिंत थेट पाण्यात उतरते. तिलाच सगळे कडा म्हणत. तिथं उपग्रहाचा संकेत तुटतो, त्यामुळं नाव नेमकी कुठं होती ते दरवर्षी अंदाजानंच लावावं लागे. सपाट गाळावर दोन गोल टेकाडं होती, एकाएवढंच दुसरं, आणि मधे रेघ पुरती खाली न जाता थोडी उचललेली. दोन चाकं, मधे पाय ठेवायची जागा. त्यानं पट्टी मागं नेली, पुढं आणली, मोठी केली, लहान केली. दुसऱ्या टेकाडाच्या डोक्यावर एक बारीकसा दात वर आला होता. सामानाचा कठडा, असं त्याच्या मनात आलं. धाकट्या भावाच्या स्कूटरला मागं असा कठडा होता. तो यानंच बसवून दिला होता, आणि एक नट घट्ट बसत नव्हता म्हणून त्याला तारेनं आवळलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई फोनवर कुणाशी तरी भाजीच्या भावावरून बोलत होत्या. तो उठला, चहाचा कप मोरीत ओतून आला, परत बसला. टेकाडं जिथल्या तिथं होती.

धाकटा गेला तो भांडून गेला नव्हता. तसं काही असतं तर निदान धरून बसायला काहीतरी मिळालं असतं. दुपारची वेळ होती, जेवणं झाली होती, आई लवंडली होती, हा वर्तमानपत्रावर पेंगत होता. धाकट्यानं दारातूनच सांगितलं, "चाकात हवा भरून येतो. दाराची किल्ली नेतोय, तुम्ही झोपा." आणि ते झोपले. हीच गोष्ट पुढं आईला सगळ्यात जास्त लागली, की आपण झोपलो, आणि चांगली गाढ झोप लागली. हवा भरायला गेलेला माणूस परत येत नाही याचा अर्थ लावायला सगळ्यांनी आपापली अक्कल खर्च केली. नातेवाईकांनी त्याला एक प्रेमप्रकरण चिकटवून दिलं. मावशीला तो एका स्टेशनात पाठमोरा दिसला. चौकीतला हवालदार म्हणाला, "तरणाताठा आहे, कुठं जाणार? येईल." हे त्यानं सहज, चहा ढवळता ढवळता म्हटलं असेल, पण आईनं तो शब्द कनवटीला बांधला तो बांधलाच. येईल. किल्ली नेली आहे, म्हणजे येईल. त्या दिवसापासून दाराचं कुलूप बदलायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, पण ठरलं. कुलूप म्हातारं झालं, त्याच्या पोटातल्या पट्ट्या झिजल्या, किल्ली आत घालून जराशी बाहेर ओढावी, वर उचलावी आणि मग फिरवावी लागे. पाहुणे दाराबाहेर ताटकळत उभे राहत. एकदा आई स्वतःच पिशव्या घेऊन जिन्यात अडकून पडली होती. तरी कुलूप तेच. त्या घरात लग्न करून कुणाला आणायचं तर तिला आधी किल्ली फिरवायला शिकवावी लागली असती. त्याचं लग्न राहूनच गेलं. धाकट्याची खोली रिकामी होती आणि घरात जागा नव्हती.

तलावाच्या खात्यात नोकरी, आणि तलाव कधी मनात आला नाही, असं कसं होईल? आला होता. धाकटा हवा भरायला नेहमी बाजारापलीकडच्या पंपावर जायचा, तिथं विचारून झालं होतं, तो तिथं पोचलाच नव्हता. मग कधीतरी याच्या लक्षात आलं की जुन्या रस्त्यावरही त्याच सुमाराला एक पंप सुरू झाला होता, आणि कड्यावरचा रस्त्याचा कठडा तर तेव्हा सगळा मोडकाच होता. हे तो आईशी कधी बोलला नाही. तेव्हापासून दरवर्षी कड्याखालची ओळ तो सगळ्यात शेवटी पुसायचा. हात थोडे गार पडायचे, आणि तिथं काही नसायचं. पण काही नसण्याला फारसा अर्थ नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. नाव ओळीतून जाते. ओळीखालचा तळ मोजला जातो. दोन ओळींच्या मधला तळ कुणी मोजत नाही, तो संगणक अलीकडच्या-पलीकडच्या रेघा बघून हिशेबानं भरून काढतो, आणि नकाशावर तो मोजलेल्या तळाइतकाच खरा दिसतो. दोन ओळींमधे एक अख्खं घर मावेल. मग एका माणसाची काय कथा. यंदा ओळ जरा सरकली असेल, एवढंच. आणि त्या दिवशी नावेवर तो स्वतः होता. आता त्याला ते सगळं लख्ख आठवायला लागलं, आणि आठवू नये असं वाटत असतानाच आठवत गेलं. कड्याची सावली पाण्यावर पडली होती, गार वारा सुटला होता, आणि आईचा फोन आला होता, की दार उघडत नाही. तो पट्टीपासून उठून नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन उभा राहिला होता. तिथं जरा ऐकू येत होतं. "बाहेर ओढ थोडी. आता वर उचल. उचललीस का? आता फिरव." मागं खात्याची नाव चालवणारा तांडेल ओणवा होऊन, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून, काहीतरी उपसत बसला होता. "उघडलं," आई म्हणाली होती. म्हणजे धाकट्याच्या डोक्यावरच्या पाण्यावर उभं राहून आपण आईला धाकट्याच्या कुलपाची युक्ती शिकवत होतो.

साहेब दारातून डोकावले. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना सगळं कालच हवं असे. "तळसाहेब, कड्याची ओळ तेवढी राहिलीय म्हणे तुमची? पाणी सोडायची दारं दुरुस्तीला घ्यायचीत. तलाव रिकामा करायची परवानगी आली वरून." तोंडावर तळसाहेब म्हणणारे ते एकटेच. "देतो," तो म्हणाला. "आजच देतो." साहेब गेले. उंचवट्याचं काय करायचं हे त्याच्या हातात होतं, आणि ते कुणाच्या हातात नसतं तर बरं झालं असतं. आता सांगितलं तर पाणबुडे येणार, पोलीस येणार, कड्यावर गर्दी होणार, आणि त्या गर्दीत पुढं आई उभी असणार, भर उन्हात, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. आणि वर काय आणणार होते ते लोक? इतक्या वर्षांनी? न सांगावं तर तलाव आता रिकामा होणारच होता. तळाची दारं उघडली की पाणी आपल्या पायांनी निघून जाईल आणि जे असेल ते दिसेल. त्यासाठी यानं तोंड उघडायची गरज नव्हती. नियमही हेच सांगत होता की पाण्यात पडलेलं सामान म्हणजे तळ नव्हे. त्यानं पहिल्या टेकाडाच्या पायथ्याशी एक टिंब ठेवलं, दुसऱ्याच्या पलीकडे एक ठेवलं, आणि मधली रेघ सरळ करून टाकली. कड्याखाली गुळगुळीत गाळ पसरला. हे सगळं एका झटक्यात झालं, आणि याचंच त्याला पुढं बरेच दिवस नवल वाटत राहिलं.

त्या दिवशी घरी गेला तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होती. तो समोर बसला, त्यानंही एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या. सोलता सोलता, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, तो म्हणाला, "त्याच्या स्कूटरला मागं कठडा होता ना गं? सामानाचा?" आईचा अंगठा शेंगेत तसाच राहिला. "होता," ती म्हणाली. "तूच नाही का बसवलास? तार बांधून." मग थोड्या वेळानं, "का रे?" तो म्हणाला, "काही नाही. ऑफिसात एकजण जुनी स्कूटर विकतोय. तिला तसलाच आहे." "विकतोय का," आई म्हणाली, आणि तिनं शेंग पुरती उकलली, दाणे भांड्यात पाडले, टरफल टरफलांत टाकलं. आणखी काही विचारलं नाही. त्याला वाटलं, निभावलं.

दारं उघडली आणि तलाव उतरायला लागला. नवल म्हणजे ते दिवस त्याला चांगले गेले. हे कबूल करायला त्याला स्वतःशीसुद्धा वेळ लागला, पण चांगले गेले. रोज पाणी कड्याच्या दगडांवरून थोडं थोडं खाली सरके आणि मागं ओली काळी पट्टी ठेवून जाई, आणि त्याच्या आतही काहीतरी तसंच खाली उतरत चाललं होतं. पहिल्यांदा झोप सुधारली. इतकी वर्षं जिन्यात पाऊल वाजलं की तो जागा व्हायचा. आता पावलं वाजायची आणि ती वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची असायची, झालं. मग भूक लागायला लागली. एका दुपारी तो जोड्यांच्या दुकानात शिरला आणि बोट लावून बघत बघत त्यानं चांगले, न चावणारे जोडे घेतले. धाकटा मेला आहे. हे वाक्य तो मनातल्या मनात म्हणून बघे, दुखरा दात जिभेनं चाचपून बघावा तसा, आणि दात दुखत नसे. धाकटा मेला आहे, आणि कड्याखाली आहे, आणि इतकी वर्षं तिथंच होता. आपल्याला टाकून गेला नव्हता, कुठल्या दुसऱ्या गावात दुसऱ्या बायकोला आपल्या आईची नक्कल करून हसवत नव्हता. बिचारा हवा भरायलाच गेला होता. त्याच्यावर इतकी वर्षं धरलेला राग कुठं ठेवायचा हे न कळून त्याला एकदा ऑफिसच्या संडासात रडू आलं, आणि ते रडणंसुद्धा बरं वाटलं. तो पुढचे बेत करू लागला. हे घर सोडायचं. आईला तळमजल्यावर, उजेडाचं काहीतरी बघायचं. तिला सांगायचं कसं, एवढंच कोडं होतं. आणि तेही त्यानं तलावावर सोपवून दिलं होतं. तलाव सांगेल.

आईच्या मनात काय चाललं होतं ते त्याला दिसत नव्हतं, किंवा आपल्याच चैनीत तो बघत नव्हता. एकदा वाढता वाढता तिनं विचारलं, "तलाव अगदी तळापर्यंत रिकामा होणार का रे?" वर्तमानपत्रात फोटो आला होता, त्यामुळं त्याला वेगळं काही वाटलं नाही. "मधली खळगी सोडून. मासे तिथं राहतील." "आणि रस्त्याकडची बाजू?" "ती उघडी पडेल," तो म्हणाला. "कधी?" "या आठवड्यात." आईनं मान हलवली, त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तो नको म्हणाला नाही. त्याच आठवड्यात तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकट्याच्या खोलीतल्या पडद्यांना हात घातला होता. ते धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवले होते. खोलीची खिडकी उघडी, बोडकी दिसत होती. त्याला वाटलं, सफाई चाललीय.

कड्याखालचा तळ उघडा पडला त्या सकाळी रस्त्यावर ही गर्दी. तलाव भरलेला असताना त्याच्याकडं ढुंकून न बघणारे लोक रिकामा तलाव बघायला पोरंबाळं घेऊन आले होते. वास असा की नाकातून घशात उतरावा. काळा चिखल, त्यात उलटेपालटे खुर्च्यांचे पाय, चपला, बाटल्या, एक पाळणा. वरून कुणीतरी ओरडलं, "तो माझा टीव्ही बघा," आणि सगळे हसले. तो गमबूट घालून पायऱ्या उतरला. खाली तांडेल वाट बघत होता. निम्मी हयात पाण्यावर काढलेला, बोलायला फार बरा, गप्प बसायला त्याहून बरा माणूस. त्यानं चिखलावर फळ्या टाकून ठेवल्या होत्या. "कुठवर जायचं, साहेब? भिंत तपासायचीय ना?" "जाऊ या थोडं पुढं," तो म्हणाला. फळ्या पायाखाली दबत होत्या आणि चिखल कडेनं बुडबुडे सोडत होता. कुठं ते त्याला पाठ होतं. भिंतीतलं पाणी जायचं तिसरं भोक, तिथून सरळ आत. त्यानं मान खाली घालूनच चालायचं ठरवलं होतं. आपण आधी कठडा बघू, मग चाक, आणि मग थांबू. बाकीचं पोलिसांनी बघावं. तोंडाला कोरड पडली होती, पण भीती नव्हती. घरी पाहुणा येणार असला आणि सगळी तयारी झालेली असली की जसं वाटतं तसं त्याला वाटत होतं.

तिथं सिमेंटचा एक ठोकळा होता. गुडघ्याएवढा, चौकोनी, शिंपल्यांनी मढलेला, वर लोखंडी कडी आणि कडीत तुटलेल्या साखळीचा एक दुवा उभा राहून गंजलेला. एकच ठोकळा. दुसरं टेकाड नव्हतं. मधे काही नव्हतं. चिखल गुळगुळीत होता, त्यानं नकाशावर करून ठेवला होता तस्साच. "हा आपल्या खात्याचाच," तांडेल म्हणाला. "पूर्वी पोहणाऱ्यांसाठी हद्दीची तरंगती पिंपं सोडली होती ना, त्यातलं एक सुटून गेलं. हा खाली राहिला." त्यानं बुटानं ठोकळ्याभोवतीचा चिखल चाचपला. मग तो म्हणाला, "पण इथं दोन आहेत. दोन दिसले." तांडेलानं ठोकळ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "इथंच तर नावेचा पंखा अडकला होता, साहेब, गवतात. तुम्ही फोनवर होता. नाव आपल्या झोकानं पुढं सरकली, मग वाऱ्यानं मागं रेटली, परत ह्याच्यावरनंच. मी गवत काढून जरा वळसा घेऊन नेली पुढं." आणि थोडं थांबून, जपून, "पट्टी थांबवली होती ना तुम्ही?"

पट्टी थांबवली नव्हती. नावेचा पंखा बंद होता आणि पट्टी चालत राहिली होती, आणि एका ठोकळ्यावरून नाव एकदा पुढं गेली, एकदा मागं आली, त्याची दोन चाकं झाली. वर कडी होती, तिचा कठडा झाला. ज्या चुकीबद्दल तो वर्षानुवर्षं लोकांपुढं डोकं धरून दाखवायचा तीच होती ही, पहिल्या दिवशीची, अगदी शिकाऊ. नवा कुणी असता तर त्यानं त्याला हसत हसत चहा पाजला असता. आणि आता त्याला जे वाटलं ते त्यानं नीट ओळखलं, कारण ते लपवायला तिथं जागाच नव्हती. त्याला वाईट वाटलं. धाकटा तिथं नव्हता याचं वाईट वाटलं. त्याचे ओठ वाकडे झाले, लहानपणी कबूल केलेलं खेळणं ऐनवेळी मिळालं नाही की व्हायचे तसे. त्यानं आजूबाजूला पाहिलं. थोड्या अंतरावर चिखलात आणखी काहीतरी वर आलेलं होतं. "तिथं फळी टाका," तो म्हणाला. तांडेलानं टाकली. ती ओंडक्याची मुळं निघाली. "आता तिकडं." ते पत्र्याचं पिंप होतं. "तिकडं, त्या वाकड्याकडं." "साहेब, तिथं फळी ठरणार नाही," तांडेल म्हणाला, पण त्यानं ती टाकली, आणि ती ठरली नाही, आणि तो मांडीपर्यंत आत गेला. वरच्या गर्दीतून हशा आला. तांडेलानं त्याला काखेत धरून ओढून काढलं. ते वाकडं म्हणजे शिवणयंत्र होतं. तांडेल अगदी हळू म्हणाला, "काय हुडकताय साहेब? मला सांगा, मी हुडकतो." त्याला सांगता आलं नाही. भाऊ सापडावा म्हणून हुडकतोय असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. मेलेला सापडावा म्हणून तो हुडकत होता, आणि आता धाकटा जिवंत असेल म्हणून त्याची वाट परत नव्यानं, आज घरी गेल्यापासून, बघायची होती. आज जिन्यात पाऊल वाजलं की परत कान टवकारायचे होते. धाकटा पुन्हा कुठंतरी होता. कुठंही होता.

दुपारी तो घरी आला तेव्हा चिखल पायांवर वाळून त्याची पापडी झाली होती. जिना चढून त्यानं किल्ली घातली, हाताला सवय होती तशी जराशी बाहेर ओढायला गेला, तर ती मुळात आत गेलीच नव्हती. त्यानं परत घातली. किल्ली टोकाशीच अडत होती. मग त्यानं खाली वाकून पाहिलं. कुलूप नवं होतं. पिवळं, चकचकीत, भोवती लाकडाचा ताजा भुसा चिकटलेला. त्याला वाटलं, आपण मजला चुकलो. मग त्यानं दार वाजवलं. आईनं लगेच उघडलं, दाराशीच उभी असावी इतक्या लगेच. तिनं बाहेर जायचे कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "मी तयार आहे," ती म्हणाली. "कुठं यायचं, चौकीत की दवाखान्यात?" "आई," तो म्हणाला. "तुला कुणी..." "कठड्याचं विचारलंस तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "तू स्कूटर घेणारा आहेस का? सांग आता. काय निघालं?"

"ठोकळा निघाला," तो म्हणाला. "सिमेंटचा. आमच्या खात्याचाच. माझी चूक झाली वाचायला."

आईला आधी ते कळलं नाही, आणि मग कळलं. आता ती देवाचे आभार मानेल, आता तिला रडू फुटेल, असं त्याला वाटलं, कारण कुठल्याही आईनं तेच केलं असतं. पण सकाळी फळीवर उभं राहून आपल्याला जे झालं तेच तिच्या तोंडावर खालून वर येताना त्याला दिसलं. तिचे ओठ तसेच वाकडे झाले. तिलाही दिसलं की त्याला दिसलंय. दोघांनीही मान वळवली, एकानं जिन्याकडं, एकीनं आत. मग आईनं पर्स टेबलावर ठेवली. तिथं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर जुनं कुलूप पडलं होतं, त्याच्या शेजारी त्याचे स्क्रू, एकही न हरवता, ओळीनं मांडलेले. तिनं ते सगळं कागदात गुंडाळलं, कडा आत मुडपल्या आणि पुडी त्याच्या हातात दिली. तिचा हात गार होता.

"कुलूपवाला अजून खालच्या गल्लीतच असेल," ती म्हणाली. "हेच परत बसवून देतो का, विचार त्याला."

तो तसाच, चिखलाच्या पायांनी, जिना उतरायला लागला. पहिल्या वळणावर त्यानं वर पाहिलं. आई आत गेली होती आणि दार तिनं उघडंच ठेवलं होतं.